डॉक्टर रखमाबाई

मुंबईमध्ये २२ नोव्हेंबर १८६४ रोजी रखमाबाईंचा जन्म झाला. त्या अडीच वर्षांच्या असतानाच त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग हे वारले. आई जयंतीबाई ह्यांचे वय त्या वेळी अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांच्या सुतार समाजात विधवेने पुन्हा विवाह करण्याची चाल होती. तिला अनुसरून काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी आपल्या लेकीच्या नावे करून दिली.

सखाराम अर्जुन हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले नामांकित डॉक्टर होते. वनस्पतींचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. बाजारात मिळणाऱ्या देशी औषधींची सूची त्यांनी तयार केली, आणि मुंबईत १८८३ साली निसर्गाचा अभ्यास करणारी जी प्रसिद्ध संस्था निघाली तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते. अशा पुरुषाच्या घरात रखमा वाढली. सावत्र वडिलांनी तिला पोटच्या मुलीसारखे वागविले. तथापि काळाचा प्रभाव मोठा असतो. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. लग्न झाले, पण ती सासरी नांदावयास गेली नाही. इतक्या कोवळ्या वयात मुलीने संसारात पडू नये, असे डॉक्टर वडिलांचे ठाम मत होते. त्यामुळे ती माहेरीच राहिली. शाळेचा योग फारसा आला नाही. पण मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके वाचून आणि घरी येणाऱ्या विद्वान मंडळींचे बोलणे ऐकून तिने इंग्रजी भाषा आत्मसात केली.

पुढे १८८४ साली दादाजीने पत्नीने आपल्या घरी येऊन राहावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात फिर्याद लावली. आपली संमती नसताना, समजही आली नसताना झालेले लग्न आपणांस बंधनकारक नाही, अशी भूमिका रखमाबाईंनी घेतली. खटला चालू असतानाच १८८५ साली सखाराम अर्जुन वारले, आणि घरातला मोठा आधार नाहीसा झाला. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु तो अपिलात टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा लागेल. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. हिंदुस्थानातील आणि इंग्लंडातील वृत्तपत्रे ह्या खटल्याच्या चर्चेने भरून गेली. कोणी त्यांची बाजू घेतली, तर कित्येकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. अखेर १८८८ च्या जुलै महिन्यात तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. मुलींच्या विवाहाच्या वयासंबंधी देशभर जो वाद उसळला, त्यातून १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्या वादाला ह्या खटल्याने मोठीच धार आणली होती.

रखमाबाई मोकळ्या झाल्या. त्या वेळी त्या तेवीस वर्षांच्या होत्या. आता पुढे काय करावयाचे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांना मुंबईतच, एका इंग्रज बाईच्या रूपाने भेटले.

त्या काळी बायकांच्या दुखण्याला वाली नव्हता असे म्हटले तरी चालेल. मुंबईसारखे शहर असो की निजामाच्या राज्यातील देगलूरसारखे गाव असो, घरातील सून आजारी पडली म्हणजे पुरुष डॉक्टरासमोर तिने यावे हे पुष्कळांना रुचत नसे. मग पडद्याआडून लक्षणे सांगावयाची, घरच्या पुरुषाने ती डॉक्टरांच्या कानी घालावयाची, आणि त्यावरून औषध मिळावयाचे, असे चाले. बाळंतपण सुईणीच्या हाती असे, आणि ते अडले की सारे दैवावर सोपविले जाई. ह्या अडचणीवर उपाय म्हणून मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली ह्यांनी वर्गणी गोळा केली आणि इंग्लंडहून एका स्त्री-डॉक्टरला बोलावून घेतले. त्यांचे नाव एडिथ पीची. त्या १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांच्या देणगीतून स्त्रियांसाठी व मुलांसाठी जे कामा रुग्णालय उभे राहिले, त्याची सूत्रे पीचीबाईंकडे आली. रखमाबाईंनी डॉक्टर व्हावे असे त्यांना मनापासून वाटले, व त्यासाठी त्यांनी उत्तेजनही दिले आणि खटपटही केली.

एडिथ पीची ह्या स्वतः कोणत्या वाटेने डॉक्टर झाल्या होत्या, हे येथे सांगितलेच पाहिजे. कारण तीच वाट पुढे रखमाबाईंना चालावयाची होती. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक, एडिथ पीची आणि त्यांच्या मैत्रिणी एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यक शिकू लागल्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत पीचीबाईंना एवढे गुण मिळाले की नियमाप्रमाणे एक मानाची शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. ती केवळ त्या स्त्री असल्यामुळे नाकारण्यात आली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनेच्या परीक्षेला त्या निघाल्या असता विद्यार्थ्यांच्या जमावाने त्यांची वाट अडविली, त्यांच्यावर चिखल फेकला, आणि परीक्षा चालू असता वर्गात एक मेंढीही ढकलून दिली! मेंढीच्या उपद्रवाला त्या मुली डगमगल्या नाहीत. पण पुढची अडचण मेंढीपेक्षा फार मोठी होती. ती होती रुग्णालयाच्या दाराची.

वैद्यकाचे शिक्षण दोन ठिकाणी होते. पहिली दोन-तीन वर्षे वर्गात, प्रयोगशाळेत आणि शवविच्छेदनाच्या खोलीत जातात. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या, औषधे ह्यांची माहिती तेथे मिळते. पण एवढ्याने कोणी डॉक्टर होत नाही. पुस्तकातील ताप नेहमी नियमाने चढतो व नियमाने उतरतो. खाटेवरील माणसाचा ताप तसा वागत नाही. म्हणून उरलेली वर्षे विद्यार्थ्याला रुग्णालयाच्या दालनात, रोग्याच्या उशाशी घालवावी लागतात. काही महिने औषधोपचाराच्या दालनात, काही महिने शस्त्रक्रियेच्या दालनात, काही दिवस प्रसूतीच्या कामावर, अशा पाळ्या त्याला पुऱ्या कराव्या लागतात. प्रत्येक पाळी संपली म्हणजे तेथील डॉक्टर सहीचा दाखला देतात. असे सारे दाखले हाती आल्याखेरीज अंतिम परीक्षेला बसताच येत नाही. एडिंबरोमध्ये विरोधकांनी हे वर्म बरोबर हेरले होते. वर्गात बसू दिले तरी रुग्णालयाचे दार बंद ठेवले की झाले! पीचीबाईंना अखेर स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जाऊन पदवी मिळवावी लागली, आणि मग १८७७ साली डब्लिनची परीक्षा देऊन त्या ब्रिटिश नोंदवहीत दाखल झाल्या.

सोफिया जेक्स-ब्लेक ह्यांनी १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळाच काढली. विद्यार्थिनी आल्या, शिक्षकही मिळाले. पण रुग्णालय मिळेना. लंडनच्या एकाही मोठ्या रुग्णालयाने दार उघडले नाही. तीन वर्षे त्या शाळेत वर्ग चालत होते आणि विद्यार्थिनींना रोगी मात्र पाहावयास मिळत नव्हता. शेवटी १८७७ साली रॉयल फ्री हॉस्पिटल ह्या संस्थेने होकार दिला. मुलींना प्रवेश दिल्यास देणगीदार रागावतील व उत्पन्न घटेल अशी व्यवस्थापकांना भीती होती. म्हणून शाळेला दरवर्षी ठराविक रक्कम देण्याची हमी द्यावी लागली. शिकावयाचे आणि वर पैशाची हमीही द्यावयाची, अशी ती अट होती! तरीही शाळेने ती आनंदाने मान्य केली.

रॉयल फ्री रुग्णालयाची मूळ कथाही मोठी हृदयस्पर्शी आहे. विल्यम मार्सडेन नावाच्या तरुण डॉक्टरला एका चर्चच्या पायऱ्यांवर एक मुलगी मरणोन्मुख अवस्थेत पडलेली आढळली. त्या काळी लंडनच्या रुग्णालयात प्रवेश मिळण्यास एखाद्या वर्गणीदाराची शिफारसचिठ्ठी लागे. त्या मुलीला चिठ्ठी देणारे कोणी नव्हते, म्हणून कोणीही तिला आत घेतले नाही. ती मेली. त्यानंतर १८२८ साली मार्सडेनने असे रुग्णालय काढले की जेथे चिठ्ठीही लागणार नाही आणि पैसाही लागणार नाही. आजारी असणे एवढाच प्रवेशाचा हक्क. गोरगरिबांचे हे रुग्णालयच स्त्री-विद्यार्थिनींना शिकण्याचे पहिले ठिकाण ठरले.

रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा व शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी निधी उभारण्यात आला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी त्यास पाचशे रुपये दिले. लंडनमध्ये पार्लमेंटचे सभासद वॉल्टर मॅक्लारेन आणि त्यांची पत्नी ईव्हा ह्यांनी त्यांना घरच्यासारखा आधार दिला. परका देश, कडाक्याची थंडी, धुरकट आकाश, आणि रसायनशास्त्रासारखे पूर्वी कधी न शिकलेले विषय, अशी ती सुरुवात होती. शाळेच्या प्रमुख एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ह्या होत्या. इंग्लंडमध्ये वैद्यकाचा परवाना मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक असून, विद्यार्थिनींकडून त्या कसून काम करून घेत. मुली कोठे चुकतात ह्याची वाट पाहणारे लोक बाहेर पुष्कळ आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

वर्गाचा अभ्यास झाल्यावर रॉयल फ्री रुग्णालयातील पाळ्या सुरू होत. शाळेपासून ते अंतर पायी जाण्याजोगे होते. औषधोपचाराच्या दालनात प्रत्येक विद्यार्थिनीकडे काही खाटा नेमून देण्यात येत. रोगी दाखल झाला की त्याची हकीकत लिहून घेणे हे तिचे पहिले काम. वय काय, धंदा कोणता, घरात कोणाला कोणते आजार होते, दुखणे केव्हा व कसे सुरू झाले, हे सारे विचारून लिहावयाचे. मग नाडी, श्वास व ताप मोजून रोज तक्त्यावर नोंद करावयाची, छातीला नळी लावून ऐकावयाचे, मूत्र तपासावयाचे. मुख्य डॉक्टर फेरीला आले की खाटेपाशी उभे राहून हे टिपण सर्वांसमोर मोठ्याने वाचावे लागे. टिपणात काही राहून गेले असेल तर ते तेथेच उघडे पडे. वरवर पाहता हे काम कारकुनाचे वाटते, आणि इंग्रजीत त्याला तसेच नावही आहे. पण रोग्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे व त्यातून नेमके तेवढे निवडणे ही विद्या ह्याच कामातून अंगी येते.

शस्त्रक्रियेच्या पाळीत जखमा धुणे, मलमपट्टी करणे, मोडलेल्या हाडाला फळ्या बांधणे, शस्त्रे तयार ठेवणे अशी कामे असत. तोपर्यंत जोसेफ लिस्टर ह्यांच्या शोधामुळे शस्त्रक्रियेचे स्वरूप पालटले होते. डोळ्यांना न दिसणारे जंतू जखमेत शिरतात व ती सडवितात, म्हणून हात, हत्यारे व पट्ट्या जंतुनाशक द्रावणाने शुद्ध केल्या पाहिजेत, ही शिकवण विद्यार्थिनींच्या अंगवळणी पाडण्यात येत असे. क्लोरोफॉर्मने रोग्याची शुद्ध हरपलेली असताना त्याच्या श्वासावर कसे लक्ष ठेवावे, हेही शिकावे लागे. आणि ज्या रोग्याला वाचविता आले नाही, त्याचे शवविच्छेदन होत असता तेथे उपस्थित राहावे लागे. खाटेपाशी बांधलेला अंदाज खरा होता की खोटा, ह्याचा निकाल त्या खोलीत लागे. तो कित्येकदा मानी माणसाचाही ताठा उतरवी.

प्रसूतीचे काम शिकण्यासाठी विद्यार्थिनींना गरिबांच्या घरोघरी जावे लागे. अपरात्री निरोप आला की उठावयाचे, पिशवी घ्यावयाची आणि चिंचोळ्या जिन्यांच्या खोलीत मेणबत्तीच्या उजेडात बाळंतिणीची सोडवणूक करावयाची. लहान मुलांना देवी टोचण्याचा दाखलाही वेगळा मिळवावा लागे. ह्याखेरीज न्यू हॉस्पिटल फॉर विमेन ह्या रुग्णालयात सर्व डॉक्टर स्त्रियाच होत्या. मद्रासमध्ये स्त्रियांसाठी रुग्णालय उभारून परत आलेल्या मेरी शार्लीब ह्या तेथे शस्त्रक्रिया करीत. हिंदुस्थानातील स्त्रियांची दुखणी ठाऊक असलेली अशी कुशल शस्त्रवैद्य लंडनमध्ये असावी, हा मोठाच सुयोग होता.

एकेक पाळी संपत गेली, एकेक सही मिळत गेली. पण रॉयल फ्री रुग्णालयातील दाखले हाती असूनही लंडनच्या दोन मोठ्या वैद्यक-संस्था, म्हणजे फिजिशियन आणि सर्जन ह्यांची महाविद्यालये, स्त्रियांना आपल्या परीक्षेला बसू देत नव्हती. त्यांनी आपले दार उघडले ते विसाव्या शतकात. स्कॉटलंडमधील संस्थांनी मात्र १८८६ पासून स्त्रियांना परवानगी दिली होती. म्हणून रखमाबाई उत्तरेकडे गेल्या, आणि १८९४ साली एडिंबरो व ग्लासगो येथील वैद्यक-संस्थांची संयुक्त परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ज्या एडिंबरोमध्ये चोवीस वर्षांपूर्वी पीचीबाईंच्या अंगावर चिखल उडाला होता, तेथीलच संस्थेच्या सहीचा परवाना घेऊन मुंबईची ही कन्या डॉक्टर झाली.

आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळविली होती. परंतु मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रियांचे दालन त्यांची वाट पाहत राहिले. शिकलेली विद्या प्रत्यक्ष रोग्यांसाठी वापरण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ते रखमाबाईंना लाभले, आणि तेही थोडेथोडके नव्हे, तर पस्तीस वर्षांच्या आसपास.

१८९५ साली त्या सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. आता दालन त्यांचे होते आणि फेरीही त्यांची होती. परंतु लंडनच्या आणि सुरतेच्या परिस्थितीत मोठा फरक होता. लंडनमध्ये रोगी दाराशी रांग लावीत. येथे रुग्णालयात पाऊल टाकावयास बायका भीत. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत होती. बाळंतपणासाठी घराबाहेर जाणे तर लाजिरवाणे मानले जाई. घरोघर ओळखी करून घेणे, गुजराती भाषेत त्यांच्याशी बोलणे, सासवांची समजूत घालणे, हेही डॉक्टरीचेच काम होऊन बसले. खाटेपाशी बसून हकीकत ऐकून घेण्याची लंडनमध्ये लागलेली सवय येथे उपयोगी पडली असली पाहिजे.

त्या सुरतेस आल्यावर थोड्याच काळात पश्चिम हिंदुस्थानात प्लेगची भयंकर साथ उद्भवली. १८९६ साली मुंबईत सुरू झालेली ही साथ सुरतेसही पोहोचली. लोक घरे सोडून पळू लागले. काखेत वा जांघेत गाठ आली की घरचे लोकही जवळ जाण्यास कचरत. अशा वेळी रखमाबाई आपल्या कामावरून हलल्या नाहीत. साथीच्या काळातील त्यांच्या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद हे पदक दिले.

दादाजी १९०४ साली वारल्याचे कळल्यावर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसण्यास प्रारंभ केला. ज्या विवाहाला त्यांनी न्यायालयात विरोध केला होता, त्याचे हे चिन्ह त्यांनी का स्वीकारले, ह्याविषयी लोक आजही निरनिराळे तर्क करतात. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

सुरतेस बावीस वर्षे काढल्यावर १९१८ साली त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टर झाल्या, आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. राजकोटमध्ये रेडक्रॉस सोसायटीची शाखा त्यांनी स्थापन केली. पासष्टीच्या उंबरठ्यावर असताना, १९२९ साली, पडद्याची चाल बंद झाली पाहिजे असे सांगणारी एक पुस्तिका त्यांनी लिहिली. पडद्याआडून सांगितलेल्या लक्षणांवर औषध देण्याची पाळी डॉक्टरवर यावी, आणि त्यात तरुण सुना दगावाव्यात, हे त्यांनी जन्मभर जवळून पाहिले होते. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला, आणि मुलगे-मुली एकाच वर्गात बसून वैद्यक शिकतात व एकाच दालनात पाळ्या करतात, हेही पाहिले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.